उसाची मोळी घेऊन पाथर्डीला

बेलापूरच्या आमच्या घरून निघाले तेव्हा गाईंच्या पाठीवर थंडीसाठी टाकलेली पोती अजून काढलेली नव्हती, इतकी सकाळ होती. मोटारसायकलवर यांच्या मागं मी, मांडीवर कपड्यांची पिशवी आणि तिच्यावर आडवी धरलेली उसाची मोळी. हात हात लांबीचे तुकडे करून आदल्या संध्याकाळी मीच बांधली होती, उसाच्याच वाढ्यानं (वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा). कावीळ झालेल्या माणसाला ऊस चांगला, असं आमच्याकडं सगळेच सांगतात. कावीळ माझ्या वडिलांना झाली होती.

हे सगळं पल्लवीसाठी लिहिते आहे. ती संगमनेरला सासरी असते. "आई, आजोबांना बघून आलीस ना? कसा झाला प्रवास?" असं तिनं फोनवर विचारलं आणि मी "झाला बरा" एवढंच म्हणाले. फोनवर मला बोलता येत नाही. समोरासमोर तरी कुठं येतं? माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, पण लिहायला बसलं की शब्द सापडतात. तिच्या कॉलेजच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यावर लिहिते आहे. तिला दाखवीन की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

श्रीरामपूरच्या स्टँडवर यांनी मला उतरवलं. "नेवाशाची गाडी. तिथून शेवगाव, शेवगावहून पाथर्डी. नाही कळलं तर विचारायचं. तोंड दिलंय ना देवानं?"

मी मान हलवली. माहेरी एकटी जाण्याची ही पहिलीच वेळ. बेचाळीस वर्षांची बाई, पण खिडकीतल्या माणसाला गाडी विचारायची म्हटलं की माझे कान तापतात.

निरोप शेजारच्या नानीचा होता. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, घराला लागून तिचं घर. "सुमे, तुजा बाप हळदीवानी पिवळा झालाय. जेवत न्हाई. संतोष आन त्याची बायकू तिकडं कोल्हापुराकडं कारखान्यावर. मुकादम सोडंना त्यास्नी. तू ये बाई." संतोष माझा धाकटा भाऊ. माझ्या माहेरची, करंजदऱ्यातली निम्मी माणसं दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात, ती उन्हाळ्यात परत येतात. अण्णांनीही तीस वर्षं ऊस तोडला. त्यातली तीसही वर्षं ते प्यायले.

नेवाशाच्या गाडीत मोळी कुठं ठेवावी कळेना. वर ठेवली तर घरंगळत होती, खाली ठेवली तर लोकांच्या पायात येत होती. शेवटी उभी धरून बसले. कंडक्टर आला.

"बाई, माल कुटं चाललाय? कारखाना तर मागं राहिला."

लोक हसले. मी हळूच म्हणाले, "नेवासा."

"तुमचं अर्धं तिकीट. उसाचं पुरं काढू का? त्याला सवलत न्हाई."

शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं मला वाचवलं. "तुजं काम कर रं मुडद्या. लेकीबाळींची थट्टा करतोय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "कुनाला गं एवढं जपून?"

"वडलांना. कावीळ झालीय."

"पित्यात का?"

इतकं सरळ मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघितलं. तिला उत्तर मिळालं.

"माजा बी प्यायचा," ती म्हणाली. "मेला तवा वाटलं, सुटले. आता घर खायला उठतं. भांडायला तरी हुता."

ती पुढच्या फाट्यावर उतरली. जाताना मोळीकडं बोट दाखवून म्हणाली, "ही गाठ हितल्या बायांची न्हाई. तू तोडणीवाल्याची लेक हायस."

नेवाशाला गाडी बदलली. कुकाण्याकडं जाताना दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या, खाली पडलेल्या कांड्या, आणि एका मोकळ्या रानात तोडणीवाल्यांच्या कोप्या (पाचटाच्या, ताडपत्रीच्या बसक्या झोपड्या). एका कोपीपुढं आठ-नऊ वर्षांची पोरगी कडेवर लहान भाऊ घेऊन उभी होती. तिच्याकडं बघताना माझी मान गाडीबरोबर मागं वळत गेली. चौथीनंतर मी अशीच उभी राहत होते, संतोषला घेऊन. आई आणि अण्णा अंधारातच फडात जायचे. दुपारी मी भाकरी घेऊन गेले की अण्णा मला मोळी बांधायला शिकवायचे. वाढ्याची दोन टोकं घ्यायची, पीळ द्यायचा, टोक आत खोचायचं, उजवीकडून नाही, डावीकडून. "उजवीकडून खोचलं की डोक्यावर सुटती," म्हणायचे. तेव्हा त्यांच्या तोंडाला वास नसायचा. वास संध्याकाळी यायचा.

संध्याकाळचे अण्णा मी लिहिणार नाही. पल्लवीला तिच्या मामानं सांगितलं असेल.

पण एक गोष्ट लिहिली पाहिजे, कारण ती माझ्या हातून झाली. माझं लग्न ठरलं तेव्हा मला एकच भीती होती, अण्णा मांडवात पिऊन येतील. हळदीच्या दिवशी मी त्यांचा हात धरला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. बायका गात होत्या त्या थांबल्या. मी म्हणाले, "शपथ घ्या." माझ्यासारख्या लाजाळू पोरीनं एवढ्या माणसांत आवाज काढला, हेच सगळ्यांना नवल वाटलं. अण्णा म्हणाले, "घेतली." मी म्हणाले, "अशी नाही. पुरी घ्या." मग ते म्हणाले, "आता पिलो तर माज्या सुमीचं मेलेलं तोंड बघन."

लग्नात प्यायले नाहीत. पंधरा दिवसांनी प्यायले.

वर्षानं माझं पहिलं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. अपुऱ्या दिवसांचं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मला ते समजतही होतं. पण आई भेटायला आली तेव्हा मी तिच्याजवळ निरोप दिला, "अण्णांना सांग, शपथ मोडली ना? मी नाही मेले, माझं लेकरू गेलं." आईनं तो निरोप दिला. आईनं तो द्यायला नको होता, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आले. पण दिला मीच होता.

त्यानंतर अण्णा आमच्याकडं कधी आले नाहीत. पल्लवीच्या बारशालाही नाही. मी माहेरी गेले की ते परसदारानं निघून जायचे. आई गेली तेव्हाही भिंतीकडं तोंड करून पडले होते, टॉवेल तोंडावर. मला वाटलं, पिऊन पडलेत. मी जवळ गेले नाही.

शेवगावच्या स्टँडवर मी फजिती करून घेतली. पाथर्डीची गाडी कुठं लागते हे विचारायला मला धीर होईना. एका फलाटापुढं बाकड्यावर बसून राहिले, भाकरी-चटणी खाल्ली, पाणी प्यायले, पुन्हा बसले. शेवटी पेरू विकणारी बाई म्हणाली, "कुटं जायचंय गं तुला?"

"पाथर्डी."

"आगं माजे आई! दोन गाड्या गेल्या तुज्या म्होरून. त्यो कंडक्टर बेंबीच्या देठापासून वरडत हुता. तुला काय आवतान द्यायचं का?"

मग तिनंच मला पुढच्या गाडीत बसवलं आणि मोळीतल्या एका उसासाठी हात पुढं केला. मी मोळी सोडली नाही, म्हणून तिच्याकडून दोन पेरू विकत घेतले.

शेवगाव सुटलं की ऊस संपतो. कापूस वेचून झालेल्या उभ्या पऱ्हाट्या, तूर, गुडघ्याएवढी ज्वारी, मग मुरमाड रान, आणि लांब डोंगराची ओळ. तो डोंगर दिसला की आई पदरानं तोंड पुसायची, "आलं बाई घर." मी पण पुसलं. कुणी बघितलं नाही.

पाथर्डीहून जीपनं करंजदऱ्यात पोचले तेव्हा दुपार कलली होती. गावात एका ओळीनं कुलपं. दारांना काटेरी फांद्या लावलेल्या. शाळेतून परतणारी चार पोरं, उन्हात बसलेले म्हातारे आणि कोंबड्या. नानी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"आलीस का? आन हे काय, ऊस? त्याला?" ती इतकी हसली की शेंगा सांडल्या. "आगं, त्यानं जल्मभर ऊस तोडला. आता गिळायला बी ऊसच आनलास व्हय!"

अण्णा त्यांच्या घरात खाटेवर होते. पाय एवढे बारीक की गोधडीखाली कुणी आहे असं वाटेना, पोट मात्र वर आलेलं. चाहूल लागताच त्यांनी टॉवेल तोंडावर ओढला आणि भिंतीकडं वळले.

"अण्णा, मी सुमी."

"म्हाईत हाय. जीपमधून उतरलीस तवाच कळलं." आवाज टॉवेलमधून आला. "गाई कशा हायत?"

"बऱ्या आहेत. डोळ्यांना उजेड लागतोय का? दार लोटू?"

"लोटू नगं."

मी मोळी खाटेजवळ ठेवली. त्यांनी हात मागं केला, न बघताच. पिवळी बोटं उसावरून फिरली आणि वाढ्याच्या गाठीवर थांबली. कितीतरी वेळ ते गाठ चाचपत राहिले.

"डावीकडून खोचलीस," ते म्हणाले.

"हो."

"इसरली न्हाईस."

एवढंच. मी ऊस सोलला, त्याच्या लहान लहान गंडेऱ्या (गोल तुकडे) केल्या आणि त्यांच्या हातावर ठेवत गेले. दात नव्हते, ते नुसते चोखत होते. टॉवेल वर करून तुकडा आत घ्यायचे, पुन्हा खाली ओढायचे. मला राग आला. एवढ्या लांबून आलेल्या लेकीकडं एकदा बघावंसं वाटू नये?

संध्याकाळी नानीच्या चुलीपुढं बसून मी तिला तेच म्हणाले. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"तुला खरंच ठावं न्हाई?"

"काय?"

"आगं, त्यानं शपत घेतली हुती ना. पिलो तर सुमीचं मेलेलं तोंड बघन. मग पिला. मग तुजं लेकरू गेलं आन तुजा सांगावा आला. तवा त्यो माज्या ओट्यावर येऊन बसला. म्हनला, वैनी, दारू मला सुटत न्हाई. मग आता मी तिचं तोंडच बघत न्हाई. तोंड बघितलंच न्हाई, तर मेलेलं कसं बघन?"

तव्यावरची भाकरी करपली. नानीनं ती तशीच बाजूला ठेवली.

"येडाच हाय त्यो," ती म्हणाली. "पर तू जायला निघालीस ना, की त्यो जीपच्या वाटंवरल्या त्या टेकाडावर चढून बसायचा. दर टायमाला. जीप घाट उतरस्तवर. मी म्हनायचे, आता कसा बघतोस रं? तर म्हनायचा, पाठ बघितली तर चालती."

माझ्या डोळ्यांपुढं ते टेकाड आलं. फडकीतल्या पल्लवीला घेऊन मी त्याच्याखालून किती वेळा गेले असेन. दर वेळी भराभर, पदर तोंडाशी धरून, कुणी हाक मारू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांना पाथर्डीच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं ठरलं. जीपवाल्यानं त्यांना पुढं बसवायला घेतलं, तर ते ऐकेनात. मागच्या आडव्या बाकावर, बाहेर तोंड करून बसले. मी मधल्या सीटवर, पुढं तोंड करून. आमच्या पाठी एकमेकींना लागत होत्या, मध्ये फक्त सीटची पट्टी. खड्डा आला की त्यांचं डोकं माझ्या अंबाड्यावर आपटायचं.

"लागलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"तुजा अंबाडा मऊ हाय."

जीपमध्ये दहा माणसं होती. दोन बाया बाजाराला चाललेल्या, एक मास्तर, बाकीचे गावातले. घाट उतरू लागलो. टेकाड मागं गेलं. मला कळत होतं की दवाखान्यात गेल्यावर नर्स असतील, संतोष येईल, आणि मी पुन्हा गप्प होईन. हळदीच्या दिवशी एवढ्या माणसांत मी बोलले होते. मग आज का नाही?

"अण्णा," मी म्हणाले. आवाज वाजवीपेक्षा मोठा निघाला. "ती शपथ मी सोडते. सुटली. सुटली. सुटली."

बाजाराच्या बाया बोलायच्या थांबल्या. ड्रायव्हरनं गाणं बारीक केलं. माझे कान पेटल्यासारखे झाले, पण मी थांबले नाही.

"आणि बाळ तुमच्यामुळं गेलं नव्हतं. अपुऱ्या दिवसांचं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं मला. मी रागानं बोलले."

गाडी घाट उतरून सपाटीला लागली. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मग पाठीला पाठ जरा जास्त टेकली.

"हे तवा सांगायचं हुतंस, पोरी," ते म्हणाले.

"हो."

"तवा सांगितलं असतंस तर मी आलो असतो बारशाला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी विचारलं, "आता बघाल का माझ्याकडं?"

"तू सोडलीस. पर मी माज्या तोंडानं बोललोय. आन अजून बी पितोच की गं. मागल्या सोमवारी बी पिलो." मग म्हणाले, "आता येवढी वर्सं तुला काय झालं न्हाई. कशाला इषाची परीक्षा?"

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. बाजाराच्या बाईनं आपल्या पिशवीतून मूठभर शेंगा काढून माझ्या ओटीत टाकल्या. मी त्यातल्या थोड्या मागं, खांद्यावरून दिल्या. त्यांनी घेतल्या.

दवाखान्यात त्यांना वरच्या मजल्यावर भरती केलं. दोन दिवस मी होते. सलाईन, रक्त तपासणी, डॉक्टरांनी सांगितलेलं, "यापुढं एक थेंबही नाही." अण्णांनी टॉवेलमधून "व्हय" म्हटलं. मी गंडेऱ्या करत राहिले. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला वाटलं, अण्णांचे डोळे आले आहेत. मी तसंच असू दिलं. झोपेत एकदा टॉवेल घसरला. मी त्यांचं तोंड पोटभर बघून घेतलं. गाल बसलेले, भुवया पांढऱ्या, कपाळावर कोयत्याची जुनी खूण. मग टॉवेल होता तसा वर ओढला. त्यांना हलवून जागं करावं, आत्ताच, असं मनात आलं होतं. हात पुढं झाला नाही.

मुकादमानं शेवटी सोडलं आणि तिसऱ्या दिवशी संतोष आणि वहिनी आले. उसाच्या पाचटानं त्याचे हात कापलेले होते. वहिनी म्हणाली, "ताई, तुमी जावा आता. आमी हाओत." घरी गाई होत्या, हे एकटे होते. निघणं भाग होतं.

मी अण्णांच्या पायावर डोकं ठेवलं. "येते."

"ये. गाड्या इचारत जा. शेवगावला लाजू नगंस." ती फजिती मी नानीला सांगितली होती, तिनं तीही पोचवली म्हणजे.

जिना उतरून मी अंगणात आले. दवाखान्याच्या दारापासून फाटकापर्यंत चांगला लांब रस्ता आहे, मध्ये एक कडुनिंब. वरची खिडकी मला बघायची गरज नव्हती. खाट सरकवल्याचा आवाज आला, मग वहिनी म्हणाली, "आवो, सलाईन सुटंल!"

मी चालायला लागले. डोक्यावरचा पदर खाली घेतला. केस निम्मे पांढरे झालेत, ते दिसू देत. सावकाश पाऊल टाकलं, मग त्याहून सावकाश. फाटकाबाहेर शेवगावची गाडी उभी होती. कंडक्टर ओरडत होता, "शेवगाव, शेवगाव! ओ ताई, येताय का? उचला की पाय!" मी पाय उचलले नाहीत. कडुनिंबाखाली थांबले, चप्पल काढली, खडा नव्हता तरी झटकली, पुन्हा घातली. गाडी निघून गेली.

वळून बघावं असं फार वाटलं. वळले असते, तर त्यांनी तोंड फिरवलं असतं की नाही, हे मला कधीच कळणार नाही. पण फिरवलं असतं, तर जेवढं मिळत होतं तेवढंही गेलं असतं. मी वळले नाही. फाटकापर्यंत पोचले, आणि तिथून रस्ता वळला.

बेलापूरला दिवेलागणीला पोचले. हे म्हणाले, "कसे आहेत अण्णा?" मी म्हणाले, "बरे आहेत," आणि गाईंना पेंड घातली.

परवा नानीचा फोन आला. अण्णा घरी आलेत. मी विचारलं, "पितात का?" ती म्हणाली, "पितो गं. पैल्यापरीस कमी. आन ऊस मागतो. म्हनतो, डाव्या गाठीचाच पायजे."

मोळी बांधून ठेवली आहे. रविवारी निघेन. पोचायची मला घाई असतेच, तिथून परत निघायची आता करणार नाही. चोवीस वर्षं मी त्या टेकाडाखालून भराभर चालत गेले, आणि वर कुणी बसलं असेल हे मनातही आलं नाही.